गुणाकार चुकतो तेव्हा

गावाकडे व्होल्टेज उतरलं, की विहिरीवरची मोटर जळायची. चिप जळत नाही. तिचा गुणाकार चुकतो! वीज वाचावी म्हणून प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज सॉफ्टवेअरच्या हाती दिलेले असतात. 2017मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी फोनचा वेग नको इतका चढवून त्यातली गुप्त किल्ली काढून दाखवली. 2019च्या ‘प्लंडरव्होल्ट’ने इंटेलच्या चिपचं व्होल्टेज उतरवून तेच केलं. मग इंटेलने त्या बटणाला कुलूप दिलं. बाबांनी फोनवर विचारलं, “कुलूप लावतं कोण?” बायोस. संगणक सुरू होतानाच लावतो. पुन्हा सुरू करेपर्यंत ते उघडत नाही. आमच्या कोबेतल्या ‘फुगाकू’ महासंगणकावर वापरणारा वेग निवडू शकतो, पण 2.0 किंवा 2.2 गिगाहर्ट्झ, मधलंअधलं मागायचं नाही. सुरक्षेसाठी नाही केलेलं हे, तरी मला भारी आवडतं.