चोवीस कामट्या

दिवाळी चार दिवसांवर आली, म्हणून आज कंदील बांधायला बसलो. पनवेलच्या बाजारातून बांबू आणला आणि 24 कामट्या एका मापाच्या तासल्या. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून 6 चौकोन केले. हे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की मधे 8 त्रिकोण आपोआप तयार होतात. दरवर्षी पाहतो, तरी दरवर्षी नवल वाटतं.

पहिला सांगाडा तिरका झाला. एक कामटी बोटभर लांब राहिली होती. सगळा सोडला, पुन्हा बांधला.

आईने मैद्याची खळ शिजवली. त्यात चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. "कागद ताणू नकोस रे, नुसता बसव," ती म्हणाली. खळ वाळली की पतंगी कागद स्वतःच ताठ होतो, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे.

वडाळे तलावाकडून वारा येतो, म्हणून झिरमिळ्या जरा लांब कापल्या. संध्याकाळी आत दिवा सोडला. लाल उजेड गॅलरीच्या भिंतीवर पडला, त्यात कामट्यांच्या सावल्या. आई बराच वेळ तिथेच उभी होती.