यादीत नाही म्हणजे काय

सोमवार, 7 जुलै 2025, कर्जत (रायगड)

आषाढी आटोपली, पुन्हा कामाला लागलो. पावसाच्या आकड्यांचं टूल आलंय. एआय एजंट ते आपणहून वापरणार. त्याचं वर्णन मी लिहायचं आणि मग एजंट ते धड वापरतो का, हे तपासायचं. एपीआयची कागदपत्रं इतकी वर्षं प्रोग्रामर वाचत आला. अडलं की फोन करायचा, "अहो, ही तारीख कुठली धरायची?" एजंट फोन करत नाही. वर्णनात नसेल ते मनाने भरतो आणि वर ठासून सांगतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, तेव्हापासून टूल जोडणं फारच सोपं झालंय. नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा साचा, की झालं. त्यामुळे वर्णनंही उरकलेली येतात. या टूलचं होतं, "तालुक्याचा पाऊस देते."

कर्जतला काल किती पाऊस, असं विचारलं तर उत्तर आलं अहिल्यानगरच्या कर्जतचं. आमच्याकडे पागोळ्यांची धार तुटत नाही आणि हा सांगतोय, शिडकावा. जिल्हा सक्तीचा केला, तर अहमदनगरचं नाव 2024 मध्ये बदललेलं आणि मागच्या नोंदींत जुनंच. शेवटी नावं सोडली, लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला तालुक्याचा कोड घेतला.

गुरुवार, 10 जुलै

शेजारचे काका लावणीवरून आले, पायाचा चिखल पायरीवर खरवडत म्हणाले, "बघू, तुझा तो कॉम्प्युटर माझ्या जमिनीचं काय सांगतो."

त्यांच्या सातबाऱ्यावर क्षेत्र 0.36.40. हेक्टर, आर, चौरस मीटर. जमिनीच्या नोंदींच्या टूलने दिलं 0.3640, पुढे एकक नाही. एजंटने एकर धरले आणि चाळीसने गुणून साडेचौदा गुंठे काढले. काकांचे आहेत छत्तीस.

"एकवीस-बावीस गुंठे गेले कुठे? भावकीनेसुद्धा एका दमात एवढे खाल्ले नाहीत रे!"

एकक वर्णनात लिहून भागत नाही, लांब संभाषणात ते मागे पडतं. रकान्याचं नावच "क्षेत्र_हेक्टर" करायला सांगितलं. आकडा जिथे जाईल तिथे एककही सोबत जायला हवं.

मंगळवार, 15 जुलै

आज नुसती चाचणी. "उद्या नेरळहून माथेरानची गाडी किती वाजता?" एजंटने वेळापत्रकातली वेळ काढून दिली. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, वर अमन लॉज ते माथेरान तेवढी चालते. वेळापत्रकाच्या टूलला ऋतू ठाऊक नाही, आणि तसं ते कुठे म्हणतही नाही.

टूल करणारा इंजिनिअर म्हणाला, काल याच प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं होतं. असेल. सिएरा कंपनीच्या संशोधकांनी 2024 मध्ये टाऊ-बेंच काढली, तिचं मला आवडतं ते हेच: तेच काम पुन्हा पुन्हा द्यायचं आणि दर वेळी जमलं तरच जमलं म्हणायचं. जीपीटी-4ओला त्यांच्या दुकानदारीच्या कामांत आठही वेळा यश पाव कामांतसुद्धा आलं नव्हतं. एकदाच्या बरोबर उत्तरावर डेमो होतो, भरवसा ठेवता येत नाही.

शनिवार, 19 जुलै

खालापूरला काम होतं. येताना चौकजवळ इर्शाळगड ढगात होता. 2023 मध्ये आजच्याच रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास खालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ताच राहिले.

घरी येऊन पावसाच्या टूलला त्या 19 तारखेचा पाऊस विचारला. आकडा आला, पण तो त्या रात्रीचा नव्हे. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात आणि ज्या सकाळी वाचला त्या तारखेला लिहितात. 19 च्या रात्रीचा पाऊस 20 च्या आकड्यात आहे. वर्णनात आता वेळेसकट लिहिलंय.

पण पोटात गोळा आला तो दुसऱ्या टूलने. गावाचं नाव दिलं की दरडप्रवण गावांच्या यादीत शोधून देतं. इर्शाळवाडी त्या वेळी अशा यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं होतं. मी चाचणीसाठी जुनी यादी लावली आणि वाडीचं नाव टाकलं. टूलने रिकामा कंस परत केला. एजंटने त्याचं सुबक वाक्य केलं: "या वाडीला दरडीचा धोका नाही."

टूल खोटं बोललं नाही. यादीत नाव नाही, एवढंच त्याचं म्हणणं. एजंटलाही बोल लावता येत नाही, कारण रिकाम्या उत्तराचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता. काय मिळेल हे सगळे लिहितात. काहीच मिळालं नाही तर काय समजायचं, हे मी तपासलेल्या बहुतेक वर्णनांत नसतं. रात्री लिहिलं: "नाव न सापडल्यास त्या जागेची पाहणी यादीत नोंदलेली नाही, एवढाच अर्थ. यावरून जागा सुरक्षित आहे असे सांगू नये. तालुका आपत्ती कक्षाशी संपर्क साधण्यास सांगावे."

मंगळवार, 22 जुलै

वर्णन लांबलं, दर वेळी तेवढे टोकन खर्च होतात, अशी तक्रार आली. पावसाच्या टूलमधलं वर्णन छाटून दिलं. दरडीच्या टूलमधून शब्दही काढणार नाही म्हणून कळवलं. उलट मागणी वाढवलीय: रिकामा कंस बंद करा, उत्तरात "नोंद नाही" आणि यादी कोणत्या तारखेची, हे दोन्ही द्या. "नोंद नाही" मान्य झालं. यादीची तारीख कोण भरणार आणि ती कोण ताजी ठेवणार, यावर मात्र मेलमध्ये सगळे एकमेकांना कॉपी करताहेत.