ओक्के

वर्गात एखादे पोर ‘ओके, गुरुजी’ म्हणाले, की मी त्याला उभे करून ‘हो’ म्हणायला लावीत असे. माझे स्वतःचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. पण मास्तरकी अंगात मुरली, की न येणाऱ्या भाषेतल्याही चुका दिसू लागतात! पुढे वाचनात आले, की हा शब्द मुळी चुकीच्याच पोटी जन्मलेला. ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्याची आद्याक्षरे तेवढी घ्यायची, अशी थट्टा अमेरिकेत चाले. २३ मार्च १८३९ रोजी बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात ती छापली गेली. थट्टा विरली, शब्द मात्र जगभर हिंडत राहिला.

आमच्या धाराशिवकडे येता येता त्याच्या ‘क’वर आणखी एक ‘क’ चढला. ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो, “येऊ द्या, येऊ द्या… ओक्के!” तिथे त्याचा अर्थ ‘थांबा’. पंगतीत तो भाजीच्या चवीला लागतो, दवाखान्यात रोग्याच्या तब्येतीला. २०२२ साली शेजारच्या जिल्ह्यातले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि ‘ओक्के’ साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. आमची आत्या तेवढी अजून दचकून विचारते, “कोन ओकलं?”

असो. माझ्या घरात हा शब्द एकदाच महाग पडला.

दोन वर्षांपूर्वी पावसाने दगा दिला, कडब्याचे भाव चढले. दारात देवणी बैलांची जोडी. एके संध्याकाळी मी भीत भीत म्हणालो, “अण्णा, बैलं विकू का? ट्रॅक्टर भाड्यानं मिळतोय.” अण्णा दावे वळीत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “ओके.”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. मला हसूच आले. आत जाऊन बायकोला सांगितले, “अण्णा इंग्रजी बोलायला लागले!” आणि पुढच्या बाजाराला जोडी देऊन आलो.

रात्री अण्णा नेहमीसारखे काखेत पेंढी मारून गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत, म्हणून मी कंदील घेऊन गेलो.

“इकलीस?”

“तुम्हीच ओके म्हणाला होता ना, अण्णा?”

“ते तुमचं बोलनं. मी हो म्हनलो व्हतो का?”

माझ्या कादंबऱ्यांतली माणसे पानेच्या पाने बोलतात. बापाची दोन अक्षरे मला वाचता आली नव्हती.

यंदाच्या पोळ्याला अण्णांनी मातीची बैलजोडी आणली. धाकटा रंगाची वाटी घेऊन बसला.

“आजोबा, शिंगं लाल करू? ओके?”

“निळी कर,” अण्णा म्हणाले.