गॅरेजमधलं ग्रिल

ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत भरताचा बेत ठरला की वांगी मागच्या अंगणात जातात. आत भाजायला घेतली तर छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागतो. म्हणून परसात ग्रिल, त्याला प्रोपेनची टाकी, आणि घरी पंधरा-वीस माणसं जेवायला असली तर भज्यांची कढईसुद्धा बाहेरच्याच बर्नरवर.

जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या शिवारातून इकडे आलेल्यांना उघड्यावरचा विस्तव नवा नाही. थंडीत शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटते, ज्वारीची कणसं त्यात भाजतात आणि गरम गरमच चोळून हुरडा काढतात. तिथे धूर चारी दिशांना मोकळा होतो. ह्यूस्टनला भर कार्यक्रमात पाऊस कोसळला, की पेटलेलं ग्रिल गॅरेजमध्ये ओढायचा मोह होतो. दार उघडं आहे ना, मग काय होतंय! घात होतो तो इथेच.

फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली. गारठलेल्या काही कुटुंबांनी ऊब मिळावी म्हणून कोळशाची ग्रिलं घरात पेटवली, कुणी जनरेटर गॅरेजमध्ये चालवले. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या वादळात २४६ मृत्यू मोजले. त्यातले १९ कार्बन मोनॉक्साइडने झालेले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि पाहुण्यांच्या गडबडीत माणूस ते दगदगीवर ढकलतो. जाळ विझला तरी निखाऱ्यांतून वायू निघतच राहतो. जालन्याकडे हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनाही धोका हाच, तेव्हा फोनवर आई-वडिलांना हे आवर्जून सांगायला हवं.

टाकीचं प्रकरण वेगळं. गावी १४.२ किलोचा सिलिंडर एजन्सीचा माणूस घरपोच आणतो. इथे साधारण ९ किलोची टाकी दुकानातून स्वतः आणायची आणि जोडणीही स्वतःच आवळायची. मग साबणाचं पाणी सांध्यावर आणि नळीवर लावून व्हॉल्व्ह हळूच उघडायचा. बुडबुडे आले तर लगेच बंद. दोन मिनिटांचं हे काम पाहुणे यायच्या घाईत हमखास राहून जातं. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळला की खाली साचतो. म्हणून ग्रिल पेटवताना झाकण उघडंच हवं, नाहीतर आत कोंडलेल्या गॅसचा भडका थेट तोंडावर येतो.

तळणाच्या बर्नरला सपाट, पक्की जमीन लागते. लाकडी डेकवर तो मांडूच नये. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून, हात भाजणार नसेल तर झाकण सरकवायचं, नाहीतर मागे होऊन अग्निशमन दलाला बोलवायचं. पदर, ओढणी आधीच खोचलेली बरी.

नोकरीसाठी नव्याने आलेली मुलं बहुतेक अपार्टमेंटमध्ये राहतात. अनेक अमेरिकी शहरांनी स्वीकारलेल्या अग्निसुरक्षा नियमावलीनुसार अशा इमारतींत लाकडी बाल्कनीवर किंवा ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत उघड्या ज्योतीवर स्वयंपाक सहसा करता येत नाही. बऱ्याच संकुलांत तरण तलावाजवळ सामायिक ग्रिल असतं. मक्याची कणसं आणि पनीर घेऊन मुलांनी तिथेच जावं.