दादींचा आवाज

चिखलीच्या आमच्या घरात दादींचा फोटो नाही. फोटो काढून घेणे त्यांना पटतच नसे. मतदार ओळखपत्रावर जो होता, तो पार धुरकट. राहिला फक्त आवाज. अब्बांनी तो हौसेने कॅसेटींवर भरून ठेवला होता: हळदीची गीते, लोऱ्या, नबींचे किस्से. भाषा निम्मी उर्दू, निम्मी वऱ्हाडी.

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून कॅसेटी उतरवून घेतल्या. सोळांपैकी दोन वाया गेल्या होत्या, चौदा निघाल्या. आठवडाभरातच संगणकातली जुनी डिस्क टिकटिक करू लागली. त्या रात्री हाताला लागेल त्या पेनड्राइव्हमध्ये सगळे भरले, आणि सकाळी खामगाव गाठले.

दुकानदार म्हणाला, "सर, २ टीबीची घ्या. थोड्या जास्त पैशांत दुप्पट जागा."

आम्ही हिशेब मांडला. चांगल्या प्रतीच्या ध्वनीला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे ६०० एमबी. चौदा कॅसेटी साडेआठ जीबीतही मावतात. १ टीबीचा शंभरावा हिस्साही नाही. बाकीची जागा लग्नांच्या व्हिडिओंना आणि मोबाइलमधल्या फोटोंना पुरून उरेल.

मग एसएसडी की साधी हार्ड डिस्क? एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती धक्का सोसते, पण महाग. शिवाय वर्षानुवर्षे वीज न देता ठेवली, तर आतला मजकूर विरण्याची भीती. साध्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून चालू असताना ती पडता कामा नये. आमची डिस्क कपाटातच राहणार होती. साधीच घ्यायची ठरली, पण एक नव्हे, १ टीबीच्या दोन. कारण मरण कोणत्याही डिस्कला चुकलेले नाही, आणि एकुलती एक प्रत ही प्रतच नव्हे.

आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायली, आणि ती घरोघरी गेली. एका घरातली तबकडी फुटली, तरी दुसऱ्या घरात गाणे वाजतच होते. दादींच्या लोऱ्यांना असे दुसरे घर कुठे होते?

घरी येऊन डिस्क जोडली, तर १ टीबीऐवजी ९३१ जीबीच दिसले. फसलो, असे वाटले. पण बनवणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने. उद्या वर्गात हेच गणित घालू म्हटले.

एक डिस्क आमच्या कपाटात राहिली, दुसरी मलकापूरला आपांकडे पाठवली. रात्री आपांचा फोन आला. त्या काहीच बोलेनात. मागे दादी गात होत्या. आम्हीही गप्प राहून ऐकत बसलो.

आता दर ईदला दोन्ही घरी डिस्क जोडून पाहायची आणि काही वर्षांनी नवी घेऊन सगळे तिच्यावर उतरवायचे, असे ठरले आहे. अब्बांनी जपले ते आमच्यापर्यंत आले. पुढचे आमच्याकडे.