दस्तुरीच्या अलीकडे

माथेरान पाहिले नाही असा मुंबईकर विरळाच. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 साली हा डोंगर शोधून काढला, 1907 साली नेरळहून इवलीशी आगगाडी वळणे घेत वर गेली, आणि पेट्रोलच्या मोटारीला मात्र या गावाने उंबऱ्याबाहेरच उभे केले. मोटार दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि पुढे तांबड्या मातीतून पायी किंवा घोड्यावरून गाव गाठायचे, ही इथली रीत. 2022 च्या डिसेंबरात विजेवरच्या रिक्षा प्रयोगादाखल आल्या, पण त्यांनाही धूर नाही. माथेरानच्या हवेची ख्याती आहे ती यामुळेच.

या हवेची खरी किंमत मला कळली ती मात्र दस्तुरीच्या अलीकडे, नेरळच्या घाटात.

गेल्या श्रावणात आमच्या एका स्नेह्यांबरोबर मी माथेरानला निघालो होतो. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची मोटार आहे. दारे बंद करताना कसा भारदस्त आवाज होतो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. पुढे ते आणि मी. मागे वहिनी, त्यांच्या सासूबाई आणि सात वर्षांचा नातू. पाऊस धो धो कोसळत होता, म्हणून काचा वर. रविवार असल्यामुळे नेरळच्या पुढे मोटारींची रांग लागलेली. पहिल्या गिअरमध्ये चार हात पुढे जायचे, पुन्हा थांबायचे.

अर्ध्या तासात आजींचे डोके दुखू लागले. वहिनींना मळमळू लागले. "गाडी लागली वाटतं," असे म्हणून आजींनी बटव्यातून आवळासुपारी काढली. पोरगा तर एरवी खिडकीपासून हटायचा नाही, तो चक्क पेंगुळला होता. "शहाणा झाला हो!" आजी कौतुकाने म्हणाल्या. हाक मारली तरी तो नीट डोळे उघडीना, तेव्हा मात्र स्नेह्यांनी गाडी कडेला घेतली आणि आम्ही सगळे भर पावसात खाली उतरलो. दहा मिनिटांत पोराने भजी मागितली आणि आमच्या जिवात जीव आला.

पुन्हा त्या मोटारीत बसायला वहिनींनी साफ नकार दिला. मंडळी दुसऱ्या गाडीने वर गेली आणि आम्ही दोघे, चारी काचा उघड्या टाकून, भिजत भिजत नेरळला परतलो. तिथल्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून धुराच्या नळीच्या तोंडाशी क्षणभर फडके धरले. मागच्या सीटच्या खालून फुस्‌फुस् आवाज येऊ लागला. मग त्याने डिकी उघडली आणि गाडीखालून बॅटरीचा झोत टाकला. डिकीच्या तळाशी दोन ठिकाणी उजेड दिसला! पत्रा गंजून गेला होता, दाराचे रबर वाळून तडकले होते आणि सायलेन्सरचा जोड सुटला होता. "साहेब, निम्मा धूर तुम्हीच खात होता," मिस्त्री म्हणाला.

धूर डोळ्यांना झोंबतो, नाकाला कळतो. पण त्यातला खरा वैरी कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते, आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. मुलांचा श्वास जलद चालतो, म्हणून ती आधी मलूल होतात. मोकळ्या हवेत आल्यावरही हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चारपाच तास लागतात. आजींचे डोके रात्रीपर्यंत ठणकत होते ते याचमुळे. करोनापासून घरोघर आलेले बोटाला लावायचे यंत्रही इथे फसते. वायू भिनलेल्या रक्तालाही ते बहुधा चांगलेच गुण देते. खरे निदान दवाखान्यात रक्त तपासूनच होते, आणि उपाय म्हणजे नळीतून दिलेला शुद्ध प्राणवायू.

कार्बोरेटरच्या मोटारीत चोक ओढलेला असला, किंवा चढावर इंजिन भरपूर पेट्रोल पिऊ लागले, की ते सगळे नीट जळत नाही आणि हा वायू वाढतो. त्याचे निरुपद्रवी रूपांतर करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना 1995 च्या एप्रिलपासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या मोटारींना ते नाही. पी.यू.सी.चा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर ती तपासणी नळीच्या तोंडाशी होते. वाटेत गळून बैठकीत शिरणाऱ्या धुराची नव्हे.

चालत्या मोटारीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घुटमळतो. डिकी अर्धवट उघडी ठेवून सामान नेले, तर तो आत ओढला जातो. गारव्याचे यंत्र हवा थंड करते, हा वायू काढून टाकत नाही. आणि मोटार नवी असली, तरी बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून बसणे किंवा झोपणे जिवाशी खेळ आहे.

मग गाडी लागली की धूर लागला, हे ओळखावे कसे? एकाच गाडीतल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, खाली उतरल्यावर बरे वाटले आणि परत बसल्यावर पुन्हा तेच, तर आवळासुपारी बटव्यातच राहू द्यावी. गाडी थांबवावी, सर्वांना बाहेर काढावे. कोणी भोवळ येऊन पडला किंवा गुंगीतून जागा होईना, तर तडक दवाखाना गाठावा.

स्नेह्यांनी ती मोटार विकली नाही. पत्रा नवा बसवला, सायलेन्सर बदलला, रबरे घातली. खर्च बराच आला. वडिलांची आठवण जपायची, तर तिची दुरुस्तीही आलीच. यंदाच्या दसऱ्याला वहिनींनी मोटारीला झेंडूची माळ घातली, पण त्याआधी मिस्त्रीला बोलावून गाडीखाली बॅटरी मारून घेतली. ज्यांच्या दारी जुनी मोटार आहे, त्या वाचकांनीही दिवाळीच्या सुटीत घाटाकडे निघण्यापूर्वी एवढे अवश्य करावे.