क्यूच्या मागे यू नसेल तेव्हा

स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर सोंगट्या असतात. त्यांत ई बारा, यू चार आणि क्यू एकच. लाकडाच्या त्या चौकोनी तुकड्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १० छापलेलं असतं. डाव संपत येतो, चारही यू पटावर जाऊन बसलेले असतात आणि क्यू आपल्या फळीवर तसाच पडून असतो. तो हातात उरला तर तेच दहा गुण वजा होतात. मग शोध सुरू होतो तो यू नसलेल्या, पण क्यू असलेल्या शब्दाचा.

या शोधात शब्दकोशाची फारशी मदत होत नाही. तो पहिल्या अक्षराने लावलेला. आपल्याला हवं ते अक्षर अनेकदा शब्दाच्या पोटात असतं, नाहीतर शेपटाला. डोक्यातही शब्द अर्थाच्या नात्याने साठवलेले असतात. पाणी म्हटलं की विहीर आठवते, विहीर म्हटली की दोर. अक्षर हाती धरून आत शिरायचं तर ही सगळी नाती बाजूला ठेवावी लागतात, आणि रोजच्या वापरातले शब्दही पहिल्यांदाच पाहिल्यासारखे वाटू लागतात. मला या खेळाचं सगळ्यात मोठं सुख यातच वाटतं.

सोंगट्यांचा हिशेब मांडला तो आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने. १९३०च्या दशकातल्या महामंदीत त्याची नोकरी गेली होती. वर्तमानपत्रांची पानं पुढ्यात घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते त्याने मोजलं. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, कारण नुसता एस जोडून अनेकवचन करणं फार सोपं झालं असतं. क्यूच्या बाबतीत कसला प्रश्नच आला नसावा. तो पानावर दिसतोच किती!

आणि दिसतो तेव्हा यूचा हात धरून. ही जोडी इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती. क्वीन, क्विक हे शब्द जुन्या इंग्रजीत सी आणि डब्ल्यूने लिहिले जात. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच सवयीने तिथे क्यू-यू लिहायला सुरुवात केली. म्हणजे आपण शाळेत घोकलेला नियम हा एका लढाईचा मागे राहिलेला ठसा आहे.

यूविना क्यू येतो तो वेगळ्याच वाटांनी. ट्रँक्विलायझर कापून आखूड केलेल्या ट्रँकसारखा घरचा शब्द एखादाच. ची हा शब्द चिनी, आणि त्यातला क्यू चिनीच्या रोमन लिपीतून आलेला. बाकीच्यांची रांग पाहिली की मला ओळखीचे चेहरे भेटतात: फकीर, तलाक, बुरखा, कव्वाली. अरबीतल्या काफ या अक्षराचा उच्चार घशात खोलवर होतो. आपण त्याला आपल्या साध्या कमध्ये सामावून घेतलं. रोमन लिपीत मात्र त्याच्यासाठी क्यू राखून ठेवला गेला, आणि म्हणून यवतमाळच्या किंवा मालेगावच्या माणसाला जो शब्द लहानपणापासून ठाऊक आहे, तो लंडनच्या खेळाडूला पाठ करावा लागतो.

या रांगेतला माझा सर्वांत आवडता शब्द कनात. आपल्या तंबूची नव्हे, इराणची. डोंगराच्या पायथ्याशी खोल पाणी शोधायचं, तिथून गावापर्यंत जमिनीखालून अगदी हलक्या उताराचा बोगदा खणायचा आणि माती काढायला, हवा खेळायला ठरावीक अंतरावर उभे कूप ठेवायचे. मोट नाही, रहाट नाही. पाणी केवळ उताराने चालत येतं. वरून उन्हाचा ताव असला तरी ते फारसं आटत नाही, कारण त्याची वाट सावलीतून जाते. हीच विद्या सतराव्या शतकात मलिक अंबरने तेव्हाच्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणली. त्या नहरीला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. हबसाणात (इथिओपियात) जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने एका तहानलेल्या गावाला जमिनीखालून पाणी दिलं. एका सोंगटीची जागा शोधताना मी इथवर पोचतो, आणि मग डाव कुणाचा झाला याचं मला फारसं काही वाटत नाही.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची अजिंक्यपद स्पर्धा फ्रेंच बोलता येत नसताना जिंकली. शब्दांची यादी पाठ केली आणि अक्षरं ओळखली, अर्थाशी त्याला कर्तव्यच नव्हतं. असली स्मरणशक्ती पाहून मी थक्क होतो, पण ती मला नको. कनात हे पाच अक्षरी इंग्रजी शब्दाचं ओझं म्हणून माझ्या डोक्यात राहण्यापेक्षा मला त्या बोगद्यातलं पाणी हवं, त्याचे कूप कुठे बुजले आणि कुठे अजून उघडे आहेत ते हवं. पुढच्या डावात झेड आला, तर त्याच्याही मागे जाऊन पाहायचं आहे.